सेकंड माल

खोलीच्या चारी भिंतींना चादरी ठोकल्यात.
सगळा सेकंड माल :
एकीत मोराची मान तुटलीय,
एकीत काठाची वेल मध्येच वाट चुकलीय,
एकीवर ग्रीसचा डाग, तळहाताएवढा.
बाजारात यांना कुत्रं विचारत नाही,
पण आवाज पितात झकास.
पुण्याचा फोमवाला चौदा हजार सांगत होता.

रेकॉर्डिंग रात्री साडेअकरानंतर.
तोवर पलीकडच्या गाळ्यात सरगमांचे माग चालतात.
(हो, आडनावच आहे त्यांचं. आमचं हसून झालंय.)
आणि पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं
त्या रात्री तर नाहीच :
आख्खी गल्ली मोटारी लावते,
माझा हप्त्यावरचा माईक इतका हळवा
की कुणाची टाकी भरली तेही सांगतो.

लॅपटॉप जुन्या बाजारातला.
आर अक्षराची कळ उडालेली,
आणि रेकॉर्ड नेमकं तिच्यावरच;
खालच्या रबरी बोंडावर नख रुतवायचं
मग लाल दिवा.

परवा लसुमव्वा अत्ताला बसवलं माईकपुढं.
मांडीवरचं विड्यांचं सूप खाली ठेवायला तयार नाही,
म्हणे हात रिकामा राहिला की गाणं आठवत नाही.
म्हणून गाण्यात तेंदूच्या पानाची कुरकुर आहे,
कात्रीचे तेरा कट आहेत, मी मोजलेत.
अंगाई तेलुगू, मधलं कडवं मराठी,
शेवटी एक शिवी, ती कानडी असावी.

अत्ताचा गंधार कोमल नाही, शुद्ध नाही,
दोघांच्या मधल्या बोळात राहतो.
मी सूर सरळ करणारं प्लगिन लावलं,
त्यानं त्याला बखोटं धरून हमरस्त्यावर आणलं.
अत्तानं हेडफोन एकाच कानाला लावला,
दुसरा कान विड्यांकडे.
"एवरिदी गोंतु?" म्हणाली. कुणाचा गळा हा?
"माझंच गाणं म्हणतेय बाई.
शिकलेली दिसते."

मी प्लगिन काढून टाकलं.

मग नान्ना आले, पाणी प्यायला उठलेले.
एकतीस वर्षं जेकार्डची कार्डं पंच केली त्यांनी :
भोक तिथं धागा वर, कोरं तिथं धागा खाली,
आणि खाली उभ्या माणसाला मोर दिसतो.
स्क्रीनवर तबल्याची जाळी उघडी होती,
उभ्या रेघा, आडव्या रेघा, घराघरात हिरव्या वड्या.
चष्मा नव्हता. नाक काचेला लागलं.
"कार्ड कुणी पंच केलं?"
मी.
"अठराव्या घरात चूक आहे."

गाणं त्यांनी ऐकलंच नव्हतं.
मी वाजवून पाहिलं. अठराव्या घरात
डग्गा खरंच केसभर उशिरा पडत होता.
मला वाटलं, म्हणतील, राहू दे,
माणसाचा हात आहे, बरं वाटतं.
छे. म्हणाले, "नीट कर. सेकंडमध्ये जाईल."
मी वडी सरकवली. दोन बोटांचं काम.
"बस्स?" म्हणाले. "धागा तोडावा नाही लागत?"
नाही.
"उसवावं?"
नाही, नान्ना.

बराच वेळ तसेच उभे. फ्रीज गुरगुरत होता.
मग भिंतीवरच्या तुटक्या मानेच्या मोराकडे
हनुवटीनंच खूण केली.
"ते माझंच आहे.
दोन कार्डं उलटी बांधली गेली.
बाराशे चादरी निघाल्या तशा, मग कळलं."
कधी, विचारलं.
साल सांगितलं त्यांनी.
मी बोटांवर मोजलं : आई गेली ते साल.
ते पाणी न पिताच झोपायला गेले.

लाल दिवा चालूच होता की,
नख रुतलेलंच राहिलं असणार.
एक मिनिट बावन्न सेकंद :
माझं 'नाही, नान्ना', फ्रीज, त्यांची चप्पल,
आणि बाराशे हा आकडा अगदी स्वच्छ.

पुसलं नाही. वापरलंही नाही.
ट्रॅक सात. म्यूट.