एकच बार

डाव्या खांद्यात अकरा स्क्रू आहेत माझ्या,
खाणीचं छत बसलं त्या सालापासून.
लांब बंदूक आता खांद्याला लागत नाही.
म्हणून हे ठासणीचं पिस्तूल,
कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढं.

शेजारचा थर्मन हसतो:
"यानं हरीण मारणार? त्यापेक्षा
जवळ जाऊन कानात सांग त्याला, मर म्हणून."
खोटं नाही. तीस पावलं, फार तर पस्तीस.
त्यापलीकडे नेम नसतो, नवस असतो.

पहाटे ट्रकच्या बॉनेटवर
मोजून दारू ओतली,
थुंकीनं भिजवलेली चिंधी, तिच्यावर शिशाची गोळी,
गजानं दोन दमांत खाली.
टोपी बसवायची ती झाडापाशी पोचल्यावरच.
दारू कोरडी हवी. माणूसही.
(नऊ वर्षं झाली. दुसऱ्या दारूचं म्हणतोय.)

डिसेंबर, ग्रीनब्रायरच्या वरच्या अंगाचं रान.
ओकच्या सुक्या पानांवर
खारी हरणाएवढा आवाज करतात
आणि हरीण खारीएवढाही नाही.

ती आली तेव्हा मी नाक पुसत होतो.
मादी. एका कानाला जुनी चीर.
साठ पावलं. पन्नास. बोंडं उकरत, मान वर करत,
चाळीस.
तीसवर मी घोडा चढवला,
हा लोखंडी घोडा, पण वाजला असा
की खिंकाळला म्हणावं.
तिचे दोन्ही कान माझ्याकडे.

माशी तिच्या खांद्यामागे टेकली.
चाप.

टोपी फुटली: टक्.
मग काहीच नाही,
पापणी लवते तेवढा वेळ
(तेवढ्यात हरीण किती सरकतं, ते मला विचारू नका)
आणि मग बार.

मग धूर.
पांढरा, गंधकाचा, गोठ्याच्या दाराएवढा.
वारा नव्हता, तो हलेचना.
पलीकडे तीन हरिणी होत्या:
एक पडलेली, एक लंगडत निघालेली, एक धडधाकट.
मधली नको, एवढंच म्हणत राहिलो.

डेंझिलमामाचा नियम: बार झाला की अर्धा तास बूड हलवायचं नाही.
बसलो.
मग गुडघ्यांवर, पान न् पान उलटत.
चिमूटभर केस, पोटाखालचे, पांढरे.
रक्त नाही.
ओढ्यापर्यंत नाही, ओढ्यापलीकडे नाही.
दिवस मावळला तरी शोधत होतो.
असलेलं रक्त लवकर सापडतं,
नसलेल्याला फार चालावं लागतं.

हरीण मिळो न मिळो,
पिस्तूल त्याच रात्री धुवावं लागतं,
नाहीतर सकाळी नळीत गंज.
कढत पाणी, साबण, जुन्या बनियनचा तुकडा.
सिंकमधलं पाणी काळं झालं,
घरभर सडक्या अंड्यांचा वास.

नोलीन दारातूनच म्हणाली, "चुकला."
प्रश्न नव्हता तो.
"चुकलो," म्हटलं.
ओट्यावर कोंबडी पाण्यात पडली होती,
फ्रीझरमधून काढलेली,
पार विरघळलेली.
म्हणजे सकाळीच काढलेली.