चव्वेचाळीस किलो

कळमन्याच्या बाजारात मी मिरचीची देठं खुडते,
किलोमागं मजुरी.
कुंदनचा बाप तिथंच हमाल.
पोतं पाठीवर आलं की सांगतो,
बावन्नला तीनशे ग्रॅम कमी.
काट्यावर टाका, तेवढंच भरते.

म्हणून पोराचं वजनही आम्ही तिथंच केलं,
मोठ्या काट्यावर, दोन ढिगांच्या मधात,
चड्डीवर उभा पोट्टा, शिंक आवरत.
शिंकू नको बे, काटा हालते, मुनीम ओरडला.
चव्वेचाळीस सहाशे.
परवा सकाळी चव्वेचाळीस पाहिजे.

आखाड्यात घातला तेव्हा
सेलोकर वस्तादांनी महिनाभर कुस्ती शिकवलीच नाही.
फावडं दिलं हातात. माती पलटव.
पोट्टा माती पलटवत होता,
तिच्यात ताक, हळद, तेल कालवत होता.
मी म्हटलं, आमच्या वरणातही इतकं तेल नसते.
वस्ताद हसले नाहीत.
म्हणाले, बाई, हे पडणाऱ्यासाठी असते.

मग मॅट आली, मॅटसंगं बूट आले.
अठराशेचे.
समीक्षाची ट्यूशन तीन महिने थांबली.
ती काही बोलली नाही,
बुटांचा रिकामा डबा तेवढा मागून घेतला.
रोज रात्री त्याचे पाच बदाम तीच भिजवते,
सकाळी सालं काढते, आणि मी पाहत नाही असं समजून
बोटं चाटते.

मालिश करायला मात्र माझे हात चालत नाहीत.
साबण लावा, बेसन लावा, दह्यात बुडवून बसा,
मिरची बोटांत राहतेच.
लहानपणी एकदा त्याचे डोळे पुसले मी,
मेयोपर्यंत ओरडत गेला होता.
तेव्हापासून तेल बाप लावतो,
पोतं उलथवतात तसा उलथवून.

कुस्तीच्या आदल्या रात्री
त्यानं पाणी तोंडात घेतलं, खळखळवलं,
मोरीत थुंकून दिलं.
दोनदा. तिसऱ्यांदा थोडं उशिरा थुंकलं.
समीक्षानं पोळी आवाज न करता चावली.
मी जेवलेच नाही,
जसा काही माझ्या उपाशी राहण्यानं
त्याचा काटा खाली येणार होता.

मानकापूरच्या हॉलमध्ये त्रेचाळीस नऊशे भरला.
बाप असा हसला की शंभर ग्रॅम त्यानंच वाचवले.

माझ्या बाजूला काटोलची एक बाई बसली होती.
पर्स शोधताना तिनं पाण्याची बाटली
माझ्या हातात दिली, धरा ना जरा.
मग तिच्याच पोरानं कुंदनचा पट काढला.
कुंदन पुलात गेला, मान वाकडी झाली,
कान मॅटला घासत होता,
मला वाटलं उठते, उठते,
आणि खांदे टेकले. दोन्ही.
एक मिनिट चाळीस सेकंद.
मॅटमध्ये ताक नसते, हळद नसते.
काटोलची बाई उभी राहून ओरडत होती.
मी तिच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं
आणि दिली परत.

ऑटोत तो झोपून गेला.
गल्लीच्या तोंडाशी बापानं उचलला,
सहा-सात वर्षांनी पहिल्यांदा.
पाय गुडघ्यापर्यंत लोंबत होते त्याचे.
मी विचारलं, किती भरते?
तो चार पावलं चालला.
समजत नाही म्हणाला,
झोपलेलं वजन वेगळं असते.

रात्री बापाला ट्रक उतरवायला जावं लागलं.
पोराची मान हलत नव्हती.
मी हात चोळचोळून धुतले, तेल कोमट केलं,
मानेपासून खाली पाठीपर्यंत लावत गेले.
आग होते का रे?
नाही.
खरं सांग.
नाही ना वं आई.

सकाळी अंगात शर्ट घालायच्या आधी
तो पोहे खायला बसला होता.
पाठीवर माझी दहाही बोटं लाल उठलेली.
तिसरी प्लेट चालली होती,
समीक्षा मोजत होती.