फाटलेली ओळ

वाचनालयात तिग्रिन्याचं पुस्तक एकच,
त्यात सगळीकडे उंट.
शेफील्डच्या पोरांनी उंट पाहिलाय
प्राणिसंग्रहालयात, तोही छत्रीखालून.

लेतेब्रहान मग घरं धुंडाळते, दुकानं धुंडाळते.
मिरचीपुडीचं पाकीट, कॉफीची पिशवी,
कुणाकुणाच्या लग्नाच्या पत्रिका.
अक्षर दिसलं की कात्री.
शनिवारी चर्चच्या तळघरात हीटर खोकत असतो
आणि पोरं कुण्या नवरीच्या नावातून
‘सा’ कापून घेतात.

अक्षरांचा तक्ता होता एक, अस्मारातून
कुणाच्या सामानात घडी होऊन आलेला.
घडीवरच फाटला.
अख्खी ओळ गेली.

मी लिहितो की, म्हणाला येमाने,
रात्रपाळीहून थेट आलेला.
खोक्याच्या पुठ्ठ्यावर सहा अक्षरं झरझर,
सातव्यापाशी मार्कर थांबला.
वीस वर्षं त्यानं नुसती सही केली होती,
तीही इंग्रजीत.

त्याची सेगेन उठली, वय वर्षं सात,
डिंकाच्या बोटानं हवेत एक वळण काढलं.
त्यानं ते
तसंच्या तसं खाली उतरवून घेतलं.

भिंतीवर आता पुठ्ठा आहे.
सातवं अक्षर जरा मोठं,
आणि शेजारी
चिकट बोटाचा ठसा.
लेतेब्रहान तो पुसू देत नाही.