वजन

लूव्हनमध्ये, नदीपासून दोन गल्ल्या आत,
रात्री पावणेतीनला
व्हेर्लेच्या टेबलावर एक चिप दळायला बसली आहे.
नखाएवढी. डोक्यावर तांब्याचा ठोकळा,
नळीतून गार पाणी.

दळतेय काय, तिला माहीत नाही.
आंधळं दळतं म्हणतात ते हेच,
फक्त इथे कुत्रं आलंच खायला
तर त्यालाही पीठ ओळखू येणार नाही.

गेंटच्या इस्पितळातून आल्या आहेत
दोन हजार अठ्ठेचाळीस बायका.
नावं नाहीत, वयं नाहीत,
छातीच्या फोटोतली एकही सावली नाही.
आलाय नुसता आकड्यांचा भुसा,
मूठभर माहितीला पोतंभर कोंडा गुंडाळलेला.
किल्ली गेंटलाच राहिली.
झाकल्या मुठींचीच बेरीज करायची,
त्यांचाच गुणाकार,
एकही बोट न उघडता.

गेल्या वर्षी हेच काम साध्या यंत्रावर लावलं,
तेव्हा स्टाइन म्हणाला, चल, जेवून येऊ.
जेवून आले. झोपून आले.
वान्नस तर मधल्या मधे
ब्रूजला मावसबहिणीचं लग्न लावून आला,
पडद्यावर एकोणीस टक्के.
गुणाकार जड नव्हता हो,
जड होती ने-आण:
आकडे गोदामात, हात कारखान्यात,
आणि मधे एकच अरुंद पूल.
म्हणून चार वर्षं खपून तिने
गोदामच उचलून कारखान्यात बसवलं.
आता दोन-दोन आकडे येतात,
एकमेकांना छेदून जागा बदलतात.
या रचनेला इथले लोक फुलपाखरू म्हणतात,
आणि म्हणताना कोणी हसत नाही.

शिवाय कुरकुर.
मुद्दाम पेरलेली असते ती, लपवण्यासाठी,
पण प्रत्येक गुणाकारागणिक वाढते
आणि वाढू दिली तर उत्तरच गिळते.
मग थांबून आकडा ताजा करायचा:
किल्लीच दुसऱ्या कुलपात बंद करून
आतल्या आत पहिलं कुलूप उघडायचं,
बाहेर कडीचा आवाजही न येता.
हे तिने एकदा आईला समजावलं होतं.
आई, खोडेलीव्ह,
दीस्तच्या टपाल कचेरीत एकतीस वर्षं पत्रं लावायची.
म्हणाली, यात नवीन काय?

अकरा मिनिटं.
व्हेर्लेचा घड्याळावर विश्वास बसला नाही.
पुन्हा लावलं. अकरा मिनिटं.
उत्तर आलं: पुन्हा भुसाच.
ती त्या भुशाकडे बघत राहिली.
त्या दोन हजार अठ्ठेचाळिसांत एक ती आहे.
एप्रिलमध्ये, इस्पितळाच्या बाकावर,
गुडघ्यावर कागद ठेवून सही केली होती.
कितवी, ते तिलाही ठाऊक नाही.
तिनेच घडवलेल्या चिपने
तिलाच दळलं आणि ओळख दिली नाही.
अभिमान वाटला. रागही आला.
पाठवून दिलं गेंटला
आणि सायकलचा दिवा लागेना म्हणून चालतच घरी गेली.

सतराव्या दिवशी पाकीट आलं.
आई आलेली होती, तिनेच पेटीतून काढलं.
उघडलं नाही. तळव्यावर तोललं,
डोळे मिटून, जुन्या सवयीने.
"एकच पान आहे," म्हणाली.
"वाईट असलं तर सोबत कागद असतात.
तारीख, कुठल्या मजल्यावर, कोणाला भेटायचं."

किती वीज ओढली, किती वेळ लागला,
एवढ्यावरूनही चोर आत शिरतो,
म्हणून चार वर्षं व्हेर्ले एकेक फट बुजवत होती.
एक राहिली होती,
ती स्वयंपाकघरात चष्मा पुसत उभी.

पाकीट तिने लगेच फोडलं नाही.
आधी वहीत लिहिलं:
गेंटला कळवणे, सगळी पाकिटं सारख्या वजनाची हवीत.
मग खण उघडून
सुरी शोधू लागली.