खांब क्रमांक सतरा

तक्रार साधी होती:
लार्च क्लोजमधला सतरा नंबरचा दिवा
भर दुपारीही जळतोय.
झेंड्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

रेडिच. एके काळी सुयांचं गाव.
मिरजेतल्या गोधड्यांमधूनही
इथली एखादी सुई फिरली असेल.
आता सुया नाहीत, गोल चौक आहेत,
आणि ऑगस्टपासून खांबाखांबावर झेंडे,
एक साध्या लाल फुलीचा, पुढचा तीन फुल्यांचा,
प्लास्टिकच्या पट्ट्यांनी गळ्याशी आवळलेले.

मी गाडी लावली. शंकू मांडले. पिवळं जाकीट चढवलं.
पाळणा वर जायच्या आतच माणसं जमली.
"काढायला आलास ना?"
डॅरेलच्या तोंडी ती धमकी होती,
समोरच्या नसरीनच्या तोंडी आर्जव.
मी म्हणालो, दिवा बघायला आलोय.
दोघांनाही ते खोटं वाटलं.

डॅरेल म्हणाला, स्वतःच्या देशात स्वतःचा झेंडा,
त्यालाही आता अर्ज करायचा?
नसरीन म्हणाली, माझा मुलगा विचारतो,
आपल्या गल्लीत मॅच आहे का?
कोण विरुद्ध कोण सांगू त्याला?
मग डॅरेलनं मला विचारलं, तू मूळचा कुठला?
डेपोतला, मी म्हणालो.
तो हसला. हसू नये असं ठरवलेलं असूनही हसला.

मिसेस ग्लॅडविन चपलांतच बाहेर आल्या, हातात कप.
माझी आई सुयांच्या कारखान्यात होती, म्हणाल्या.
ती शिवण बघा. एक टाका धड नाही.
नाताळपर्यंत चिंध्या होतील.
त्या कोणाच्या बाजूच्या, हे कोणी विचारलं नाही.

वर गेल्यावर माणसांचे आवाज सारखेच होतात.
दिव्याच्या डोक्यावर सुपारीएवढा एक डोळा असतो,
उजेड गेला की दिवा लावणारा.
वाऱ्यानं झेंड्याचं टोक उलटून
नेमकं त्यावर अडकलं होतं.
अकरा दिवस दिव्याला वाटत होतं, रात्र आहे.

ऑफिसचा हुकूम: धोका असेल तरच झेंडा काढावा.
शंका असल्यास वरिष्ठांना विचारावे.
वरिष्ठ रजेवर होते.

मिरजेच्या शाळेत पंधरा ऑगस्टला
दोरी ओढायचं काम माझं असायचं.
सूर्य बुडायच्या आत उतरव, शिरढोणे सर सांगायचे.
घडी घालण्याआधी मी हात धुवायचो.
आणि याच्यासमोर, चौदा वर्षांपूर्वी,
टाउन हॉलमध्ये उभा राहून शपथ घेतली होती;
नंतर केक होता, थोडा कोरडा.
आता तो तोंडाशी फडफडत होता,
ओला, काजळी लागलेला, कोणीच न उतरवलेला,
आणि मला कळेना
हातमोजे काढावेत की नाही.

काढले.
पट्ट्या कापल्या. खालून ओरडा झाला.
एक हात खाली घेऊन पुन्हा बांधला
माझ्याच डब्यातल्या पट्ट्यांनी. खालून दुसरा ओरडा झाला.

खाली आलो तरी दिवा जळतच होता.
लगेच विझत नाही तो.
उजेड खरा आहे याची खात्री व्हायला
त्याला थोडा वेळ लागतो.
तेवढा वेळ आम्ही सगळे माना वर करून उभे,
डॅरेल, नसरीन, तिचा मुलगा, मी,
भांडण जिथल्या तिथं ठेवून.
मग विझला.
चहा गार झाला, मिसेस ग्लॅडविन म्हणाल्या.

फॉर्मवर बिघाडाच्या कारणांची यादी असते:
बल्ब, तार, पाणी, पक्षी, इतर.
मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं: सावली.

लहानपणी वडील चिडून विचारायचे,
तू काय दिवे लावणार आहेस पुढे?
रविवारी त्यांचा फोन येतो.
या वेळी सांगितलं, बाबा, आज एक विझवला.
लाइन बराच वेळ शांत होती.
मग म्हणाले, जेवलास का?