निरंक

साक्षांकन नमुन्यातला बारावा रकाना दीड बोट रुंद आहे.
आपणांस कधी अटक झाली आहे काय,
आपणांविरुद्ध फौजदारी खटला प्रलंबित आहे काय,
असल्यास तपशील.
तपशिलाला एवढीच जागा ठेवणाऱ्याला
बहुधा कधी तपशील नव्हता.

एकतीस वर्षं मी हे नमुने तपासतो
सिव्हिल लाइन्समधल्या या तळमजल्यावर.
मार्चपासून कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास,
आणि बाराव्यात सगळ्यांचा एकच शब्द:
निरंक.
जणू या शहरात
कुणाचं कुणाशी कधी वाजलंच नाही.

आज हर्षाली नंदनवार आली, गोळीबार चौकातली.
कनिष्ठ लिपिक, यादीत सातवी.
सगळे रकाने भरलेले, बारावा कोरा.
"सर, टँकरवरून भांडण झालतं मोहल्ल्यात.
मी तं फक्त पाइप धरून होती.
पण समोरच्या काकूला टाके पडले,
अन् रिपोर्टात आमच्या घरातल्या सगळ्यांचीच नावं टाकली.
तारखा सुरू आहेत.
बाबा म्हणतात, काऊन लिहायचं,
कोण पाहून रायलं?"

मी पाहून रायलो, पोरी.
पगारच त्याचा आहे.

तिला नियम सांगितला:
गुन्हा असला म्हणून नोकरी जातेच असं नाही,
लपवला तर जाऊ शकते.
हे सांगितलं नाही, की लिहिलंस तर
फाइल पडताळणीला जाईल, तिथून विधी शाखेत,
तिथून अभिप्रायार्थ पुन्हा माझ्याकडे,
आणि तोवर यादीतला आठवा
पहिल्या पगाराचे पेढे वाटून मोकळा होईल.

मग तो वसतिगृहाचा अधीक्षक आठवला.
त्यानंही निरंक लिहिलं होतं, फार सुबक अक्षरात.
त्याच्यावर आधी काय होतं
ते मुलींच्या आयांना नंतर कळलं.
कागद माझ्याच हातून गेला होता.
तर्री-पोहे थंड होतील म्हणून
न वाचता टिक केली होती मी.
टिकेच्या शेजारी तेलाचा एक डाग आहे.
चौकशीत त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

म्हणून वाटतं, सांगावं.
लोकांच्या पैशावर ज्याची चूल पेटते
त्यानं दाराची कडी आतून लावू नये.
असं वाटतं, आणि लगेच
मॉरिस कॉलेजचा टी-पॉइंट समोर येतो,
डिसेंबर, अधिवेशन, बेरोजगारांचा मोर्चा,
बांबूंच्या पलीकडे खाकी रांग.
मी बावीस वर्षांचा.
हातात कुणाची तरी चप्पल होती, दगड नव्हता,
निदान मी तसं धरून चाललोय.
धंतोलीच्या कोठडीत एक रात्र,
सात जण, दोन घोंगड्या.
खटला म्हणे पुढं मागे घेतला.
घेतला का?
विचारायला मी कधी गेलोच नाही.
विचारलं असतं तर तपशील झाला असता.

हर्षालीनं पेनाचं टोपण दातात धरलं
आणि लिहायला घेतलं.
टँकरचा वार लिहिला, गुन्ह्याचा क्रमांक,
काकूचे टाकेही लिहिले, चार.
ते कुणी मागितले नव्हते.
रकाना संपला तसा तिनं बाण काढला:
कृपया मागे पहा.

माझ्या मागं लोखंडी कपाट आहे.
त्यात खालून दुसऱ्या कप्प्यात माझं सेवापुस्तक,
किल्ली माझ्याच खिशात,
ऑगस्टअखेर निवृत्ती.

"सर, तुम्ही काय लिहिलं होतं तेव्हा?"
तिनं सहजच विचारलं असावं.

मी आवक क्रमांक टाकला.
शिक्का मारला, तिरपा पडला.
म्हटलं, पुढची तारीख कधीची आहे?
"मंगळवारची."
म्हटलं, न्यायमंदिरात गर्दी असते,
नाव पुकारायला कधीकधी चार वाजतात.
लवकर जाजो.
डबा घेऊन जाजो.