झाड क्रमांक ४१२

निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा साहेब म्हणाले,
"शिरोळेबाई, ही वही तेवढी कॉम्प्युटरवर चढवा."
पाठ उसवलेली. ओल्या तंबाखूचा वास.

पहिली पानं मोडीत. मला कुठली येते?
दांडिया बाजारातल्या गुणे मास्तरांनी
बोटाला थुंकी लावत वाचून दाखवली:
जमीन नदीकाठची. बाभळी तोडल्या.
मजूर इतके, बैल इतके.
एक बैल गाळात रुतून मेला.
पुढे बारीक अक्षरात शेरा –
जागेवर रोप लावले.

मग बाग वाढत जाते.
दर चार पानांनी काहीतरी आत येतं,
पिंजरे, बँडचा चबुतरा,
गवतावर काटे फिरवणारं फुलांचं घड्याळ,
पोरांची आगगाडी.
आणि प्रत्येकाच्या आधी
खोडलेल्या झाडांच्या ओळी.
शाई निळी, जांभळी, मग बॉलपेन.
मजुरी आण्यांतून पैशांत.

मराठी एका सोमवारी थांबते.
पुढची ओळ गुजराती,
मध्ये रेघसुद्धा नाही मारलेली.
चिंच तीच. आंबली झाली.

पुराच्या साली पान कोरं,
मधोमध विश्वामित्रीच्या गाळाची रेष,
तळाशी कुणीतरी घाईत:
मगर रोपवाटिकेत. माळी झाडावर.

आता नव्या तक्त्यात दर झाडापुढे
दोनच पर्याय, आहे किंवा नाही.
४१२ बघायला मी स्वतः गेले,
डबा खाऊन, भर उन्हात.
झाड नव्हतं.
आगगाडीचे रूळ मात्र सरळ येता येता
मोकळ्या जमिनीला मोठा वळसा घालून जात होते.

"इथे असं का?" मी रायजीभाईंना विचारलं.
पाइप बाजूला ठेवून ते म्हणाले,
"बळदवाळी आंबली होती ना, बेन.
रूळ टाकले तेव्हा उभी होती.
मागाहून पडली."
बळद कुठला, ते त्यांना ठाऊक नाही.
त्यांच्या बापालाही नव्हतं.

मी सांगणार होते.
तेवढ्यात शिट्टी झाली,
गाडी आली, पोरं ओरडली,
आणि अख्खी गाडी
त्या बैलाला धक्का न लावता
बाजूने गेली.

तक्त्यात कर्सर अजून लुकलुकतोय.